सोमवार धरलेली कोंबडी

आडतीवाल्या अक्कांना कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा तर आधी तिला हात लावून बघावं लागायचं. पोत्यातली तूर असो, दुकानातला कपड्याचा तागा असो, नाहीतर शेजारणीच्या तापलेल्या पोराचं पोट असो, अक्कांचा उजवा हात आधी पुढे जायचा आणि तोंड मागून. मी उदगीरच्या शाळेत लागले आणि त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं बघायला गेले, तेव्हा त्यांनी नाव विचारायच्या आधी माझा दंड चाचपला. "जेवत न्हाईस वाटतं. कुठल्या गावची?" मी नांदेड म्हणून सांगितलं. "तरीच," असं म्हणून त्या किल्ली आणायला आत गेल्या. नांदेडच्या माणसांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या घरची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती. शेतकऱ्यांनी माल आणून टाकायचा, भाव चढेपर्यंत तो आडतीतच पडून राहायचा आणि मग विकला जायचा, असा तो धंदा. अक्कांचे यजमान, ज्यांना सगळा मोंढा आप्पा म्हणायचा, जन्मभर त्या गादीवर बसले. अक्का नवी नवरी होत्या तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मालाचे नमुने निवडायच्या. तेव्हापासून हाताला ती सवय लागली. मूठभर हरभरा घेऊन अंगठ्यानं दाबला की त्यात ओल किती आहे ते त्या सांगायच्या. "डोळा फसतो, कान फसतो, हात फसत न्हाई," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला ते फळ्यावर लिहावंसं वाटायचं. हातही फसतो हे त्यांना पुढे एका कोंबडीनं शिकवलं, पण ते नंतर.

अक्का पक्क्या लिंगायत. गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, सकाळी आंघोळ झाली की कपाळभर विभूती, आणि पूजा झाल्याशिवाय चहा नाही. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती. कांदा-लसूण चालेल, पण अंडं चालणार नाही. अंड्याचं टरफल जरी दिसलं तरी सामान रस्त्यावर. मी मान डोलावली आणि शनिवारच्या शनिवार स्टेशनजवळच्या गाड्यावर ऑम्लेट खाऊन, वर मूठभर बडीशेप चावून घरी यायला लागले. अक्कांना ते कळत नव्हतं असं मी समजत होते. एकदा मी चोरपावलांनी जिना चढत असताना देवघरातून आवाज आला, "बडीशेप कमी खा, मास्तरीण. उष्ण पडती." त्यानंतर आम्ही दोघींनी तो विषय कधी काढला नाही.

हाताइतकंच त्यांचं तोंड चालायचं. माणसांवर तर त्या ओरडायच्याच, पण वस्तूंनाही सोडायच्या नाहीत. दूध उतू जायला लागलं की दुधाला, नळ उशिरा आला की नळाला, कूलर खरखरला की कूलरला त्या सडकून बोलायच्या. आणि सगळ्यात मोठं भांडण भिंतीपलीकडच्या खालांशी. खाला म्हणजे ब्लाउज शिवणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, गल्लीभर सगळ्यांच्याच खाला, म्हणजे मावशी. त्यांच्याकडे एक काळी, मानेवर सोनेरी ठिपके असलेली गावरान कोंबडी होती. तिचं नाव रानी. ही रानी रोज मधली भिंत ओलांडून अक्कांच्या वाळवणात पाय घालायची. "खाला, तुमची रानी आमच्या राज्यात आलीय," असं अक्का इकडून ओरडल्या की पलीकडून खाला शिवणयंत्र थांबवून म्हणायच्या, "रानीला कोण अडवणार अक्का, तिचंच राज हाय." मग अर्धा तास दोन्हीकडून गल्लीचा उद्धार चालायचा. मी वरच्या गॅलरीत वह्या तपासत बसायचे आणि मुलांनी लिहिलेल्या निबंधांपेक्षा ते भांडण मला कितीतरी सरस वाटायचं.

एका सकाळी आप्पा चहा पिऊन मोंढ्यात गेले आणि गादीवरच लिंगैक्य झाले. आजार नाही, कुरकूर नाही. घरी आणला तो देहच. पुण्याहून मुलगा आला, दिवस झाले, तो आईला घेऊन जायला निघाला, तर अक्का म्हणाल्या की वर्ष होऊ दे, मग बघू. तो गेला आणि त्या घरात एकट्या राहिल्या. त्यानंतर त्यांचं तोंड बंद झालं. रडल्या असत्या तर मला समजलं असतं, पण त्या नुसत्या बसून राहायच्या. दूध उतू गेलं तरी उठून गॅस बंद करायच्या आणि न बोलता ओटा पुसायच्या. एके दिवशी रानीनं भिंतीवरून येऊन ताटभर पापड विस्कटले, तरी अक्कांनी मान वर केली नाही. पलीकडचं शिवणयंत्र थांबलं होतं, खाला वाट बघत होत्या, हे मला वरून दिसत होतं. बऱ्याच वेळानं यंत्र पुन्हा सुरू झालं. मला त्या दिवशी खरंच भीती वाटली.

आषाढ संपता संपता खालांच्या लेकीचं बाळंतपण आलं. लेक हैदराबादला, तेव्हा खालांना तिकडे जाऊन राहणं भाग होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्या रानीला काखेत घेऊन अक्कांच्या दारात उभ्या राहिल्या. मी तिथेच होते. त्यांचा पुतण्या अन्वर मागच्या गल्लीत राहायचा, त्याची कूलर दुरुस्तीची टपरी होती आणि घरी पाच-सहा कोंबड्याही होत्या. तिथे रानीला ठेवणं सगळ्यात सोपं होतं. पण खाला म्हणाल्या की अन्वरच्या कोंबड्या हिला टोचतात, बिचारी अर्धमेली होईल, तेव्हा अक्का, माझी एवढी अमानत सांभाळा.

मला वाटलं आता अक्का दार लावून घेणार. आडतीवाल्यांच्या लिंगायत घरात कोंबडी म्हणजे जाऊबाई-पाहुण्यांना वर्षभराचा विषय. पण 'अमानत' हा शब्द ऐकून त्या उठल्या. त्यांचा हात पुढे गेला आणि त्यांनी रानीची छाती चाचपली. "हलकी हाय. खायला घालत न्हाईत का हिला?" आप्पा गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला टोमणा. खालांनी तो मुकाट्यानं ऐकून घेतला, कोंबडी दिली आणि निघून गेल्या.

परसात अक्कांनी तिच्यासाठी जुनं डालगं उपडं घातलं, खाली गोणपाट अंथरलं. 'रानी' म्हणून डोक्यावर चढवायचं नाही म्हणून त्या तिला 'बया' म्हणायच्या. तिसऱ्याच दिवशी खालून हाक आली, "मास्तरीण, खाली ये. खालाच्या बयेनं ते केलंय." ते म्हणजे अंडं. त्याला अक्का हात लावणार नव्हत्या. मी ते उचललं, मूठभर ज्वारी घातलेल्या माझ्या एका डब्यात ठेवलं आणि डबा भिंतीवर. दर शुक्रवारी अन्वर येऊन घेऊन जायचा. मी एकदा गंभीर चेहरा करून विचारलं की आता माझं सामान रस्त्यावर जाणार का, घरात अंडं दिसलंय. अक्कांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी हसू गिळलं.

"ते आपलं न्हाई," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची वस्त आपल्या घरात आली की ती आपल्यापेक्षा मोठी आसती. आडतीत शेतकऱ्याच्या पोत्याला आमी कधी पाय लागू दिला न्हाई. मंग हिला बी लागू द्यायचा न्हाई."

हळूहळू त्यांचं तोंड परत सुरू झालं. सगळा मारा बयेवर. "सकाळपासून काय करायलीस गं, नुसती उकरायलीस. पाणी सांडलीस. मला बघून काय कॉक कॉक करायलीस, मी काय तुझ्या बापाची नोकर हाय?" मी अंथरुणातूनच हे ऐकायचे आणि बरं वाटायचं. कोंबडीचं तोंडही लहान नव्हतं. ती उत्तर द्यायची.

मग श्रावण लागला आणि पहिला सोमवार आला. अक्कांचा श्रावणी सोमवार कडक. दिवसभर घरात धान्य शिजत नाही, सगळा साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे. सकाळी त्या ज्वारीचं भांडं हातात घेऊन परसात गेल्या आणि तशाच परत आल्या. मला म्हणाल्या, "घरात कुणी धान्याला शिवलं न्हाई आन ही एकटीच ज्वारी खाणार? या घरात राहायली तर या घरचा नेम पाळंल." मी म्हटलं, अक्का, ती कोंबडी आहे. त्यावर त्या म्हणाल्या, म्हणून काय, तिला देव नाही का? एवढं तत्त्वज्ञान झाल्यावर मी शाळेत निघून गेले. अक्कांनी रात्रीपासून भिजत घातलेला साबुदाणा वाटीभर बयेपुढे ठेवला. बयेला तो इतका आवडला की ती वाटी चाटूनपुसून अक्कांच्या पायाशी घोटाळायला लागली. उपवास करणारीला आग्रह करायचा असतो या न्यायानं अक्कांनी आणखी एक वाटी दिली. पाणी मात्र बया फारसं प्यायली नसावी.

मंगळवारी सकाळी डालगं उचललं तरी ती बाहेर येईना. पिसं फुगवून, मान आत ओढून, डोळे मिटून बसली होती. मध्येच मान लांब करून चोच उघडायची आणि परत मिटायची. ज्वारी टाकली तर तिकडे बघितलंसुद्धा नाही. अक्कांचा हात पुढे गेला. मानेखाली, छातीच्या वरच्या बाजूला त्यांची बोटं थांबली आणि चेहरा उतरला. "गाठ आलीय," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला आल्ती तशीच गाठ हाय. एका रात्रीत."

गल्लीला बातमी कळायला वेळ लागला नाही. कोणी म्हणालं मानमोडीची साथ आहे, आता गल्लीतली एकही कोंबडी राहणार नाही. कोणी लसूण ठेचून भरवायला सांगितलं. अक्कांनी देवघरातून विभूतीची चिमूट आणली आणि बयेच्या तुऱ्यावर लावली. ते बघून मला हसू आलं नाही. अन्वरला निरोप गेला होता, तो हातातलं काम टाकून धावत आला. भला माणूस. त्यानं कोंबडीकडे बघितलं आणि खाली मान घालून, अक्कांना वाईट वाटणार नाही अशा बेतानं सांगितलं की तिची वेळ आली असेल तर ती मरायच्या आधी हलाल करून टाकलेली बरी. मेल्यावर तिचा कुणाला उपयोग नाही. त्याच्या दृष्टीनं ते अगदी सरळ होतं आणि तिचे हालही थांबले असते.

"आधी खालाला सांगाया पायजे," अक्का म्हणाल्या. मी म्हटलं, थोडी वाट बघू, कदाचित दुपारपर्यंत उठेल, उगाच बाळंतिणीच्या घरी काळजी कशाला. तेव्हा अक्का माझ्यावर चिडल्या. आडतीत कुणाचं पोतं पावसात भिजलं तर आप्पा त्याच दिवशी माणूस पाठवून शेतकऱ्याला कळवायचे. वाळवून, झाकून, मग सांगितलं की ती चोरी होते, हे त्यांनी मला समजावलं, आणि माझ्याच फोनवरून खालांना व्हिडिओ कॉल लावायला लावला. खालांनी पडद्यावर रानीला बघितलं.  मग शांतपणे म्हणाल्या की अक्का, जीव लावून घेऊ नका, अन्वरला करू द्या काय करायचं ते.

"मला उद्या सांजच्यापर्यंत द्या," अक्का म्हणाल्या. "सांजच्याला बी अशीच राहिली तर अन्वरला मी न्हाई म्हणणार न्हाई."

खालांनी बरं म्हटलं. अन्वरनेही मान हलवली आणि तो गेला. अक्का आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आल्या, बयेला दोन्ही हातांत उचललं आणि मला म्हणाल्या, चल.

शाळेला मी निरोप धाडला. रिक्षा चौकापर्यंतच गेली, पुढे रस्ता खणलेला. मंगळवारचा बाजार, ओळखीची माणसं, आणि त्यातून कपाळभर विभूती लावलेल्या आडतीवाल्या अक्का छातीशी कोंबडी धरून चाललेल्या. मी हळूच म्हटलं की पदर घ्या वरून. "चोरीची हाय का?" एवढंच त्या म्हणाल्या. देवळापाशी त्यांच्या लांबच्या एक जाऊबाई भेटल्या, हातात बेलाची परडी. त्या आधी कोंबडीकडे बघत राहिल्या, मग अक्कांकडे, आणि आवाज खाली करून म्हणाल्या की अक्का, हे काय.

"कोंबडी."

"ते दिसायलंय. तुमच्या हातात?"

"आजारी हाय. दवाखान्यात न्यायलेय."

"श्रावणात?"

"श्रावणात आजारी पडू नये असा नेम हाय का?" असं म्हणून अक्का पुढे चालायला लागल्या. जाऊबाई परडी धरून तिथेच उभ्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मोंढाभर झाली असणार हे अक्कांना माहीत होतं. पण चालताना त्या फक्त बयेचा श्वास चालू आहे का ते बघत होत्या.

जनावरांच्या दवाखान्यात रांग होती. पुढे एक देवणी बैल, त्याच्यामागे दोन म्हशी, आणि मग आम्ही. बैलवाल्यानं अक्कांना बघून आपला नंबर दिला, तो बहुधा आप्पांच्या आडतीत माल घालणारा असावा. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं कोंबडीच्या मानेखाली बोटं लावली, चोच उघडून वास घेतला, आणि विचारलं की काल काय खायला घातलं होतं. अक्कांनी बयेची पिसं सारखी केली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"साबुदाणा," अक्का म्हणाल्या.

"कोंबडीला?"

"सोमवार होता."

डॉक्टरीणबाईंनी ओठ दाबून धरले, पण हसल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. त्यांनी समजावून सांगितलं. गाठ वगैरे काही नाही. कोंबडी खाते ते आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं आणि मग थोडं थोडं पुढे जातं. भिजलेला साबुदाणा त्या पिशवीत चिकटून गोळा झालाय, खाली सरकत नाही. आता काहीही खायला घालायचं नाही. कोमट पाणी आणि दोन-चार थेंब तेल ड्रॉपरनं चोचीच्या कडेनं द्यायचं, आणि बोटांनी हलक्या हातानं तो गोळा चोळत राहायचा. उलटं मात्र धरायचं नाही, पाणी श्वासनळीत जाईल. उद्या संध्याकाळपर्यंत मऊ पडला नाही तर घेऊन या, छोटा छेद देऊन काढावा लागेल, पण त्यात खात्री नसते.

 घरात शिरल्यावर अक्का म्हणाल्या, "हाताला गाठ लागली आन मी घातलेला साबुदाणा लागला न्हाई. मीच घातला आन मलाच वळखू आला न्हाई." मी समजूत घालायला गेले तर त्यांनी मला पाणी कोमट करायला पाठवलं.

दुपारभर त्या परसात भिंतीला टेकून बसल्या. मांडीवर जुनी चादर, चादरीवर बया. डाव्या हातानं तिला धरायचं आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटांनी गळ्याखाली चोळायचं. मध्ये मध्ये ड्रॉपरनं पाणी. अंड्याला न शिवणारी बाई, तिच्या लुगड्याला कोंबडीची पिसं चिकटली होती आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. त्यांना मी दिसत नव्हते, किंवा दिसत असून चालत होतं.

आधी त्या तिला रागावल्या. मिळालं म्हणून एवढं खायचं असतं का, उपवासाला कुणी असं खातं का. मग आवाज बदलला आणि त्या आप्पांबद्दल बोलायला लागल्या. आप्पांना साबुदाणा आवडत नसे, सोमवारी ते गुपचूप मोंढ्यातल्या हॉटेलात भजी खायचे आणि संध्याकाळी अक्कांपुढे उपवासाचं तोंड करून बसायचे, हे त्यांनी बयेला सांगितलं. मला इतके दिवस त्यांनी ते सांगितलं नव्हतं. मग थोडा वेळ नुसतं चोळणं. आणि मग म्हणाल्या, "त्येनी मला काय बी करू दिलं न्हाई गं. च्या पिऊन गेले ते चौघांच्या हातावर आले. पाण्याचा थेंब बी तोंडात घालू दिला न्हाई. तू तरी करू दे, बये."

मी तोंडाला पदर लावून वर निघून गेले. आप्पा गेल्यावर त्या का रडल्या नव्हत्या ते मला तेव्हा समजलं. ज्याची सेवा करायची तो माणूसच हाताशी राहिला नव्हता, आणि त्या हाताला दुसरं काही येत नव्हतं. त्या दुपारी त्या रडल्या. मी वरून ऐकलं आणि खाली गेले नाही.

बुधवारी सकाळीही बया तशीच. पण अक्का म्हणाल्या की गोळा कडेनं सुटायलाय, काल हरभऱ्यासारखा कडक होता, आज कणकेसारखा हाय. माझा विश्वास बसला नाही, कारण आदल्या दिवशीच त्या हाताची फजिती झाली होती. मी शाळेत गेले, पण शिकवण्यात लक्ष लागलं नाही. दुपारी घरी आले तर अक्का परसाच्या मधोमध उभ्या, स्वच्छ पांढऱ्या लुगड्यावर समोर एक मोठा हिरवट-पांढरा डाग, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जसं काही नातू झालाय.

"केली बघ बयेनं," त्या म्हणाल्या. "सगळी वाट मोकळी झाली."

डागाचं लुगडं बदलायलाही त्या गेल्या नाहीत. बया डालग्याशेजारी उभी होती, जरा डुलत, पण डोळे उघडे. अक्कांनी माझा हात धरून तिच्या गळ्याखाली लावला. पिशवी मऊ, जवळजवळ रिकामी. सांजच्याला अन्वर ठरल्याप्रमाणे आला. तो भीत भीतच परसात डोकावला, तर बया त्याच्या चपलेवर चोच मारून बघायला आली. तो खाली बसला आणि अक्कांनी विचारायच्या आधीच त्यानं चहा मागितला. अक्कांनी दूध तापत ठेवलं, ते उतू गेलं आणि त्यांनी दुधाला असं काही झापलं की गल्लीतली दोन दारं उघडली.

मला आता उदगीर सोडून बराच काळ झाला. बदली झाली, मी लातूरला आले. अक्का पुण्याला गेल्या नाहीत. वर्ष झालं, पहिलं पुण्यस्मरण झालं, मुलगा न्यायला आला तर त्यांनी त्याला सांगितलं की इथं कामं पडलीयत. मी फोन केला की त्या आधी विचारतात जेवलीस का आणि मग एखाद्या गोष्टीवरून झापतात. माझ्या घरी शेजाऱ्यांची किल्ली असली, कुणाची कुंडी असली, कुणी परगावी जाताना ठेवलेलं साधं दह्याचं विरजण असलं, तरी मला रात्री एकदा उठून बघावंसं वाटतं. ही सवय त्यांच्याकडून आली आणि ती जाईल असं वाटत नाही.

पण अक्कांचं चित्र मनात येतं ते खाला परत आल्या त्या दिवसाचं. लेक सुखरूप, मुलगी झालेली, खालांच्या हातात मिठाईचा डबा. अक्कांनी रानीला आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. सोमवार, साबुदाणा, दवाखाना, काही लपवलं नाही. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "तुमची अमानत मी मरणाच्या दारात नेऊन आणली. पुन्हा माझ्याकडं ठेवू नका."

खाला ऐकत होत्या. मग त्यांनी डबा बाजूला ठेवला.

"अन्वरच्या कोंबड्या कुणालाच टोचत न्हाईत, अक्का," त्या म्हणाल्या. "रानी त्याच्याकडं मजेत राहिली असती."

"मंग?"

"आप्पा गेल्यापासून भिंतीच्या इकडून तुमचा आवाज येईना झाल्ता. मी मशीन थांबवून कान लावून बसायची. मी गेल्यावर तर तुमाला बोलायला कुणीच उरलं नसतं. म्हून मी कोंबडी तुमच्याकडं सोपवली न्हाई. तुमाला कोंबडीकडं सोपवून गेल्ते."

 अक्का खाली बसल्या, रानी त्यांच्या पदराशी येऊन उकरायला लागली, त्यांनी तिला हाकललं नाही. मग त्यांनी वर बघितलं.

"पुन्हा कधी जायलाव हैदराबादला?"

खाला हसल्या, उठल्या, आणि कोंबडी न घेताच घरी गेल्या.